ब्रेक पॅडची असमान झीज : गोव्यातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढच्या दोन चाकांचे चार पॅड एकाच दिवशी बसवलेले असतात आणि एकाच पेडलाने दाबले जातात. तरीही वर्षभराने चाके काढली की त्यांतले एखादे लोखंडापर्यंत झिजलेले आणि उरलेले निम्मेही न झिजलेले आढळते. फोंड्यातील आमच्या गॅरेजात चवथीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत अशा गाड्या विशेष येतात. त्यांच्या मालकांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि आम्ही दिलेली उत्तरे येथे सविस्तर मांडली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: झिजलेले पॅड बदलणे हे अर्धेच काम असते, आणि ते एकटेच का झिजले याचा शोध घेतल्याखेरीज नवे पॅड बसवू नये.

किती फरक चालतो आणि कितीला दोष म्हणावे?

नव्या पॅडवर घासला जाणारा थर, म्हणजे लोखंडी पाठ वगळून उरलेला भाग, बहुतेक गाड्यांत १० ते १२ मिमी जाडीचा असतो. तो ३ मिमीवर आला की पॅड बदलावे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर ते पाळावे. एकाच चाकाच्या आतल्या व बाहेरच्या पॅडमध्ये १ ते २ मिमीचा फरक आम्ही दोष मानत नाही. त्याहून जास्त फरक दिसला, किंवा डाव्या चाकाची झीज उजव्यापेक्षा स्पष्टपणे वेगळी दिसली, तर कारण शोधल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये. पुढचे पॅड मागच्यांपेक्षा लवकर झिजणे मात्र स्वाभाविक आहे, कारण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि रोखण्याचे अधिक काम पुढच्या चाकांवर पडते.

अलॉय चाकाच्या फटीतून पॅड चांगले जाड दिसते. तरीही मेकॅनिक पॅड संपले असे म्हणतो. विश्वास कोणावर ठेवावा?

डोळ्यांना दिसते ते खरेच असते, पण ते अपुरे असते. चाकाच्या फटीतून दिसते ते बाहेरचे पॅड. आतले पॅड कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, व चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डिस्कच्या आड असते आणि चाक काढून, मान वाकवून, बॅटरीच्या उजेडात पाहिल्याखेरीज त्याची जाडी कळत नाही. असमान झिजेत बहुतेक वेळा आतलेच पॅड आधी संपते. बाहेरचे ६ मिमी शिल्लक आणि आतल्याचे लोखंड डिस्कवर घासत आहे, अशी अवस्था आम्ही पुष्कळदा पाहतो, आणि तिची किंमत फक्त पॅडपुरती राहत नाही, कारण तोवर डिस्कच्या आतल्या पृष्ठभागावर खोल चरे पडलेले असतात.

झीज सांगणारी लोखंडी पट्टी अनेक पॅडवर असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून बारीक किंचाळते. परंतु काही गाड्यांत ही पट्टी जोडीतील एकाच पॅडवर असते, आणि झिजलेले पॅड नेमके दुसरे निघाले तर सूचना मिळतच नाही. म्हणून आवाजाची वाट पाहू नये. मेकॅनिकने पॅड संपले असे सांगितले तर चारही पॅड काढलेल्या स्थितीत दाखवण्याची विनंती करावी. प्रामाणिक कारागीर ती आनंदाने मान्य करतो.

आतले पॅड झिजले आणि बाहेरचे जवळजवळ शाबूत आहे. असे का होते?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कळण्यासाठी कॅलिपर कसा चालतो हे समजून घ्यावे लागते. बहुतेक प्रवासी गाड्यांत सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबले की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर रेटतो, आणि त्या रेट्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर त्याला धरणाऱ्या दोन गाइड पिनांवरून उलट दिशेला सरकून बाहेरच्या पॅडलाही डिस्कवर ओढून आणतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग तेथे नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. दाबाखाली ते किंचित वाकते आणि दाब जाताच मूळ आकारात परतताना पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड आणि डिस्क यांची सुटका होते ती या केसभर अंतरामुळे.

आता यातले काय बिघडू शकते ते पाहावे. गाइड पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर नीट सरकत नाही. आतले पॅड पुऱ्या जोराने दाबले जाते, बाहेरच्याच्या वाट्याला उरलासुरला जोर येतो. पिस्टनचा वरचा रबरी बूट फाटून आत पाणी शिरले असेल, तर पिस्टनच्या अंगावर गंजाचे ठिपके पडतात, सीलची केसभर ओढ त्याला मागे घेण्यास पुरत नाही आणि आतले पॅड पेडल सोडल्यावरही घासत राहते. तिसरे कारण पॅडच्या कानांत असते. पॅडचे दोन्ही कान, म्हणजे त्याच्या लोखंडी पाठीची पुढे आलेली टोके, कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचांमध्ये, पातळ स्टीलच्या क्लिपांवर सरकतात. क्लिप गंजत नाही, पण तिच्याखालचे बिडाचे ब्रॅकेट गंजते. तो गंज फुगतो, क्लिपला वर उचलतो आणि खाच अरुंद होऊन पॅड तिच्यात घट्ट अडकते. वरून क्लिप स्वच्छ चमकत असल्यामुळे हे कारण हमखास नजरेतून सुटते. नवे पॅड खाचेत घट्ट बसते म्हणून त्याचे कान कानशीने घासणारे कारागीर मी पाहिले आहेत. घासायचा असतो तो क्लिपखालचा गंज.

बाहेरचेच पॅड जास्त झिजले असेल तर?

अशा वेळी प्रथम गाइड पिना पाहाव्यात. ब्रेक लावताना कॅलिपर सरकला, पण परत येताना पिनांवर अडकला, तर बाहेरचे पॅड डिस्कला चिकटून राहते. पिस्टनचा दोष येथे क्वचितच असतो.

पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखे झिजले आहे. याचा अर्थ काय?

डिस्क फिरताना पॅडच्या ज्या टोकाशी आधी येते ते टोक किंचित जास्त झिजते, आणि हा बारीक फरक स्वाभाविक असतो. उतार डोळ्यांना लगेच जाणवण्याइतका असेल तर दोन पिनांपैकी एकच अडकलेली असण्याचा संभव मोठा असतो, कारण कॅलिपर मोकळ्या पिनेच्या बाजूने सरकतो आणि अडकलेल्या पिनेच्या बाजूने मागे राहून तिरका होतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काही गाड्यांत दोन पिना एकसारख्या नसतात. एकीच्या टोकाला छोटा रबरी बुश असतो आणि तिची जागा ठरलेली असते. सत्तरी तालुक्यातील एका ग्राहकाच्या गाडीचे पॅड वर्षात तीनदा, तिन्ही वेळा पाचरीसारखे झिजले होते आणि तीनदा नवे बसवले गेले होते. आमच्याकडे ती आली तेव्हा दोष निघाला तो वरच्या व खालच्या पिनांची अदलाबदल झाल्याचा. पिना काढताना कोणती कोठली हे लगेच खडूने लिहून ठेवावे किंवा मोबाइलवर छायाचित्र काढावे.

एका बाजूचे दोन्ही पॅड झिजले, दुसऱ्या बाजूचे दोन्ही चांगले आहेत. दोष कोठे शोधावा?

येथे दोन शक्यता असतात: झिजलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नाही, किंवा चांगल्या दिसणाऱ्या बाजूचा ब्रेक लागतच नाही. दुसरी शक्यता लोक विसरतात. गाडी पेडल न दाबताही एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहत असण्याची शंका घ्यावी. फक्त पेडल दाबल्यावर ओढत असेल, तर विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी काम करतो का ते पाहावे. टायरमधील हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे ना, एवढे त्याआधी तपासावे.

ब्रेक सुटत नसल्यास कारण पिस्टन-पिनांत आहे की ऑइलच्या मार्गात, हे ठरवण्याची एक खात्रीची रीत आहे. चाक उचलून, ते जड फिरत असतानाच, कॅलिपरवरचा ब्लीडर निपल, म्हणजे ऑइलमधली हवा काढण्याचा स्क्रू, थोडा सैल करावा. चाक तरीही मोकळे झाले नाही, तर अडकाव कॅलिपरमध्येच, पिस्टनात, पिनांत किंवा पॅडच्या कानांत आहे. निपल सैल करताच चाक मोकळे झाले, तर आत दाब कोंडलेला होता. मग निपल घट्ट करून, पेडल दाबून दोष पुन्हा उभा करावा आणि या खेपेस कॅलिपरला ऑइल पोहोचवणारा रबरी होज पाइप जेथे लोखंडी नळीला जोडला जातो तेथे जोड सैल करावा. तेथे सैल केल्याने चाक मोकळे होत नसेल, तर जुना होज पाइप आतून फुगून बंद झालेला असतो; पेडलाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही. बाहेरून असा पाइप अगदी निरोगी दिसतो. तेथेच चाक मोकळे झाले, तर पेडलाजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे वळावे. ही चाचणी झाल्यावर ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणे अनिवार्य असते, म्हणून ती सवय नसलेल्याने एकट्याने करू नये.

एका बाजूच्या पॅडवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागले असेल तरीही दोन बाजूंत असा फरक पडतो. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला की त्यातील ग्रीस फिरत्या शाफ्टवरून उडून डिस्कच्या आतल्या बाजूस पडते. तेलकट झालेले पॅड पुसून पुन्हा वापरता येत नाही.

गोव्यात हा त्रास जास्त का जाणवतो?

येथे पावसाळ्यात सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, आणि किनाऱ्यालगतच्या व खाड्यांकाठच्या गावांत उरलेले आठ महिने हवेत मीठ असते. मिठाचा पातळ थर हवेतील ओल धरून ठेवतो आणि बिडाचे ब्रॅकेट कोरड्या प्रदेशापेक्षा कितीतरी लवकर गंजते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत तांबड्या मातीचा चिखल डिस्कच्या आतल्या झाकणाआड साचतो आणि ओलाच राहतो. पुळणीवर गाडी नेण्यास राज्यात बंदी आहे, ती असूनही कोणी नेलीच तर वाळू आणि खारे पाणी थेट पिनांच्या बुटांपर्यंत पोहोचते.

या सगळ्यापेक्षाही मोठे कारण म्हणजे उभी राहणारी गाडी. गोव्यात असंख्य घरांतला कर्ता माणूस जहाजावर किंवा आखातात असतो. तारवटी सहा-आठ महिन्यांनी घरी येतो, तोवर गाडी पोर्चमध्ये तशीच उभी असते आणि घरचे लोक फार तर आठवड्याने एकदा इंजिन सुरू करतात. इंजिन सुरू केल्याने बॅटरीला थोडा लाभ होतो. ब्रेकला मुळीच होत नाही. पिना, पिस्टन व पॅड हलले तरच मोकळे राहतात. गाडी आठवड्यातून एकदा तरी दोन-चार किलोमीटर प्रत्यक्ष चालवावी. फार दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये टाकून, चाकांना अडण लावून ठेवावी आणि हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर पॅड किंवा ड्रमचे लायनर गंजाने चिकटून बसते.

घरी तपासणी करता येईल का?

तपासणी करता येते. दुरुस्ती मात्र हाताला सवय असेल तरच करावी. प्रथम गाडी दहाएक किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक लावत चालवावी आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. डिस्कला स्पर्श करू नये, ती पोळते. एक चाक त्याच्या जोडीच्या चाकापेक्षा ठळकपणे गरम असेल तर तेथे ब्रेक घासत आहे. करपल्याचा वास आणि रिमवर एकाच बाजूला साचणारी काळी पूड हीही तीच खूण असते.

मग गाडी गार झाल्यावर सपाट, कठीण जमिनीवर लावावी, न उचललेल्या चाकांना अडण लावावी, नट थोडे सैल करून जॅक लावावा आणि गाडीचा भार स्टँडवर घ्यावा. आपल्याकडे हाताशी चिरे असतात म्हणून लोक तेच गाडीखाली रचतात. कृपया असे कधीही करू नका. चिरा ठिसूळ असतो, भाराखाली तो सूचना न देता फुटतो, आणि त्या वेळी माणूस गाडीखाली असतो.

चाक निघाल्यावर कॅलिपर हाताने धरून आतबाहेर हलवून पाहावा. तो उघडून पिना एकेक करून ओढल्या तर त्या बोटांच्या जोराने गुळगुळीत सरकायला हव्यात. कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत सोडू नये, तारेने वर बांधावा. आणि तो सुटलेला असताना घरातल्या कोणालाही पेडल दाबू देऊ नये, कारण पिस्टन बाहेर निघून येतो. काढलेले चारही पॅड जागेनुसार खुणा करून ओळीने मांडावेत आणि प्रत्येकाची जाडी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजून कागदावर लिहावी. त्या आठ आकड्यांवरून निदान बहुतेक पूर्ण होते. ब्रेकची पूड फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ती फुप्फुसांना घातक असते. ब्रेक क्लीनर फवारून ओल्या कापडाने पुसावी.

पिनांना कोणते ग्रीस लावावे?

रबराला चालणारे, उष्णता सोसणारे सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस खनिज तेलाचे असते. त्याने पिनांचे रबरी बुश व बूट फुगतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पिना पूर्वीपेक्षा घट्ट अडकतात. ग्रीस पातळ लावावे, कारण छिद्रात भरपूर कोंबले तर आत हवा अडकून पिन पुरती आत जात नाही. खोल खड्डे पडलेली पिन घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा आणि नवी बसवावी. फाटलेला बूट तर त्याच दिवशी बदलावा.

पिस्टन अडकला असेल तर किट टाकावे की नवा कॅलिपर घ्यावा?

पिस्टन बाहेर काढून त्याचे अंग व सिलिंडरची सीलची खाच पाहिल्यावरच हे ठरते. पिस्टन गुळगुळीत असेल आणि फक्त सील कडक झाले असेल, तर सील व बूट यांचे किट पुरते. पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टनही बदलावा. सिलिंडर आतूनच गंजला असेल तर पूर्ण कॅलिपर घ्यावा, आणि या ठिकाणी काटकसर करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

एकटे झिजलेले पॅड किंवा एकाच चाकाचे पॅड बदलले तर चालेल का?

चालणार नाही. डाव्या-उजव्या चाकांचे पॅड जोडीनेच बदलावेत.

ब्रेक ऑइलचा यात काय संबंध?

डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइले हवेतील ओल शोषून घेतात. डॉट ४ च्या प्रमाणानुसार कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेच पाणी पिस्टन व सिलिंडर आतून गंजवते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे, गाडी कमी चालली असली तरीही. पॅड झिजत गेले की ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी आपोआप उतरते, अशा वेळी वरून ऑइल भरले तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलताच ते उतू जाऊन रंगावर सांडते आणि रंग खराब करते.

डिस्क प्रत्येक वेळी बदलावी लागते का?

नाही. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. मोजलेली जाडी त्याहून पुरेशी जास्त असेल आणि चरे खोल नसतील तर जुनी डिस्क चालते. आतली बाजू पाहिल्याशिवाय मात्र निर्णय घेऊ नये. रात्रीच्या पावसाने आलेला तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको.

मागच्या चाकांना हेच नियम लागू होतात का?

बहुतांश छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. तेथे एका बाजूचे लायनर जास्त झिजले तर हँडब्रेकची केबल गंजून अडकली आहे का आणि चाकाच्या सिलिंडरमधून ऑइल गळते का, हे पाहावे. मागे डिस्क असल्यास पिस्टन अनेकदा नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत न्यावा लागतो. जोर लावून दाबल्यास आतली यंत्रणा तुटते. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, आणि हे काम तशी साधने असलेल्या गॅरेजातच करून घ्यावे.

बेळगावहून चोर्ला घाट उतरताना सतत ब्रेक लागतो. त्याने असमान झीज होते का?

घाटामुळे सगळेच पॅड लवकर झिजतात. एकटेच पॅड झिजण्याचे कारण घाट नसतो. परंतु आधीच अडकलेला ब्रेक सपाटीवर केवळ गरम होतो, तोच चोर्ला उतरून सत्तरीत येताना किंवा अनमोडहून मोलेकडे येताना इतका तापू शकतो की जुने ऑइल उकळून पेडल मऊ पडते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि पाय पेडलावर टेकवून ठेवू नये. पेडल मऊ वाटू लागले तर लगेच खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या रोधाने वेग उतरवत, सुरक्षित जागा मिळताच थांबावे आणि ब्रेक पूर्ण गार होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतू नये. पेडल घट्ट झाले तरी पुढचा उतार सावकाश उतरावा आणि ऑइल बदलेपर्यंत घाट घेऊ नये. गार झाल्यावरही पेडल मऊच राहिले तर गाडी टो करून न्यावी.

काम झाल्यावर दोष खरोखर गेला हे कसे ओळखावे?

चाक बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधीच पेडल कठीण होईपर्यंत काही वेळा दाबावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येईतो पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० किमीपर्यंत मध्यम जोराने, मध्ये थोडे अंतर ठेवून, आठ-दहा वेळा वेग उतरवावा, आणि पहिले २०० ते ३०० किमी कडक ब्रेक टाळावा, म्हणजे पॅड डिस्कवर पूर्ण बसतात. त्याच दिवशी उष्णतेची चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही बाजू सारख्या उबदार लागायला हव्यात. खरा निकाल कळतो तो २००० ते ३००० किमीनंतर. त्या वेळी चाके पुन्हा काढून चारही पॅड मोजावेत आणि नवे आठ आकडे जुन्या कागदावरील आकड्यांशेजारी लिहावेत. आम्ही हे मोजमाप करतो तेव्हा ग्राहकाला शेजारी उभे राहायला सांगतो आणि तो कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवायला देतो.